युद्ध चालू असलेल्या देशात भाषा शिकायला: ल्विवहून परतल्यावर

शब्दवेल्हाळ

नमस्कार मंडळी. स्लाव्हिक भाषांच्या धाग्यावर मी 'युक्रेनियन शिकायला ल्विवला (पश्चिम युक्रेनमध्ये) जातेय' असं ओझरतं लिहिलं आणि तिथे भाषा राहिली बाजूला, 'वेड लागलंय का' हाच सूर लागला. त्या धाग्याचं आणखी मातेरं नको म्हणून हा वेगळा काढतेय. जाऊन आले, सुखरूप पोलंडमध्ये, क्राकुफला आहे, आईशी रोज बोलणं होतं. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं नीट वाचाल.

आधी जायचं कसं ते. २४ फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचं आकाश प्रवासी विमानांना बंद आहे. पुष्कळ लोक पोलंडच्या सीमेवरच्या प्शेमिश्ल नावाच्या गावातून रेल्वेने जातात. युरोपातले बहुतेक रूळ १४३५ मिलिमीटरचे, युक्रेनचे १५२०. तो रुंद रूळ प्शेमिश्ल स्टेशनात थेट आत आलाय, त्याचा फलाट वेगळा. पासपोर्ट तपासून मगच गाडीत चढवतात. आपला रूळ १६७६ चा असतो हे मी शेजारच्या आजींना सांगितलं, तर त्यांनी हाताने माप दाखवून दोनदा खात्री करून घेतली. त्यांचा नवरा रेल्वेत होता म्हणे.

डब्यात शिरल्यावर एक गोष्ट पटकन जाणवते: पुरुष नाहीत. लष्करी कायदा लागू झाल्यापासून १८ ते ६० वयाच्या पुरुषांना देश सोडायला बंदी आहे (ऑगस्ट २०२५ मध्ये २२ वर्षांपर्यंतच्यांना मोकळीक मिळाली). त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांत बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. बाकी गाडी एकदम झकास. डब्याची अटेंडंट बाई धातूच्या नक्षीदार कडीत बसवलेल्या काचेच्या ग्लासातून चहा आणून देते. दूध नाही, साखरेच्या पुड्या मात्र भरपूर.

आता वर्ग. आमच्या बाई मूळच्या पूर्वेकडच्या खारकीव्हच्या. २०२२ पर्यंत घरी, बाजारात, मैत्रिणींशी रशियनच बोलायच्या. युक्रेनियन शाळेत शिकलेली आणि नंतर पदवीला. आता शिकवतात युक्रेनियन आणि रस्त्यावर बोलतातही तेच. आईशी मात्र फोनवर अजून रशियन. वर्गातल्या एका डच मुलाने 'असं का' म्हणून विचारलं तर म्हणाल्या, आईला दुसऱ्या भाषेत हाक मारायला जीभच वळत नाही. त्यावर कोणी काही बोललं नाही आणि आम्ही पुन्हा विभक्त्यांकडे वळलो.

भोंगा वाजला की काय होतं, हे सगळेच विचारतात. फोनवर ॲप असतं, ते जिल्ह्याप्रमाणे इशारा देतं. रशियात मिग-३१ जातीचं विमान उडालं की जवळजवळ अख्ख्या देशात भोंगा होतो, कारण त्यावरून सुटणारं किंझाल क्षेपणास्त्र कुठेही पोहोचू शकतं. मग बाई टेलिग्रामवर बघायच्या. नुसतंच विमान हवेत असेल तर आम्ही खुर्च्या उचलून इमारतीतल्याच बोळात. तिथे 'दोन भिंतींचा नियम' चालतो: बाहेरची एक भिंत मार खाईल, दुसरी काचा आणि तुकडे अडवेल. क्षेपणास्त्र किंवा ड्रोन आमच्या दिशेने असेल तर तळघरात. आज्ञार्थ आम्ही तळघरातच शिकलो. बाईंनी ॲपमधलीच घोषणा फळ्यावर लिहिली, 'आश्रयस्थानी जा', आणि तिचं एकवचन करा, नकारार्थी करा, आदरार्थी करा म्हणाल्या. मेणचटलेला पांढरा फळा, मार्कर संपत आलेला, वर जनरेटरची घरघर, आणि एक कोरियन मुलगी मन लावून 'जाऊ नकोस' लिहितेय.

भाषेबद्दल मला जे सांगायचंय ते असं: घरबसल्या भाषा शिकताना आपण तिला छंदासारखी वापरतो, कुणाचं काही बिघडत नाही. तिथे मात्र तोंड उघडलं की लोक आधी 'कुठली भाषा' हे ऐकतात, काय म्हणतेय ते नंतर. मी गोरी नाही, माझी चूक सगळे माफ करतात. पण दुकानात अडखळत युक्रेनियन बोलले की समोरच्याचा चेहरा बदलतो, आणि तो कौतुकाने बदलतो असंही नाही. कधी डोळे भरतात, कधी नुसतं हळू बोलायला लागतात. एका औषधाच्या दुकानातल्या बाईंनी माझी विभक्ती दुरुस्त केली, पैसे घेतले आणि मग विचारलं, 'तुला काय गरज होती?' त्याचं बरं उत्तर माझ्याकडे अजून नाही.

फोटो मागू नका. शहराचे आहेत थोडे, पण सैन्य, नाके, हवाई संरक्षण यातलं काही टाकलं तर तिथे गुन्हा होतो, आणि पार्श्वभूमीला काय आलंय हे मला दरवेळी कळेलच असं नाही.

---

पायताण

लै भारी लिहिलंय. वाचनखूण साठवली. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

जाता जाता आमच्या कोल्हापूरचा एक धागा यात गुंफतो. दुसऱ्या महायुद्धात वळीवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती, १९४३ ते १९४८. जवळपास पाच हजार माणसं, बायका-पोरं जास्त. ही माणसं आली कुठून? १९४० आणि ४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने पोलंडच्या पूर्व भागातून उचलून सायबेरिया, कझाकस्तानात नेऊन टाकलेली. त्या पूर्व भागातलं मोठं शहर म्हणजे ल्विव, तेव्हाचं ल्वुफ. म्हणजे शब्दवेल्हाळ जिथे जाऊन आली तिकडचीच काही पोरं आमच्या पंचगंगेकाठच्या हवेत वाढली. छावणीत शाळा, चर्च, नाटकं, सगळं होतं. ती मंडळी गेल्यावर त्याच बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि त्याचं गांधीनगर झालं. आज तिथे लोक लग्नाचा बस्ता बांधायला जातात. महावीर उद्यानात स्मारक आहे, बघितलं नसेल तर बघा.

आमच्या आजोबांच्या तोंडून ऐकलंय की बाजारात येणाऱ्या पोलिश बायका भाव करण्यापुरतं मराठी झकास बोलायच्या.

---

रोखठोक

स्पष्ट बोलतो, राग मानू नये.

ल्विव 'सुरक्षित' आहे असा एक समज या धाग्यातून पसरेल, तो पसरू नये. ४ सप्टेंबर २०२४ ला त्याच ल्विववर हल्ला झाला, सात जण गेले, त्यात एका घरातली आई आणि तिच्या तीन मुली. जुलै २०२३ मध्ये एका निवासी इमारतीत दहा. आपल्या दूतावासाने ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीयांना देश सोडा म्हणून दोनदा सांगितलं होतं. उद्या काही झालं तर धावाधाव कोणाची? सरकारची आणि आईबापांची.

दुसरं. ज्या देशात लोक वीज कधी येईल ते वेळापत्रकात बघून स्वयंपाक करतात, तिथे जाऊन 'आज्ञार्थ शिकले' हे मला थोडं खटकलं. याला युद्धपर्यटन म्हणतात. व्याकरणाचं वेष्टण आहे इतकंच.

---

गार्गी_ठाणे

रोखठोक, पहिल्या मुद्द्याला +१. दुसऱ्याला नाही. मुलगी तळघरात बसून विभक्त्या शिकली, रणगाड्यासमोर सेल्फी काढायला गेली नव्हती.

शब्दवेल्हाळ, घरी काय सांगून गेलीस गं?

---

शब्दवेल्हाळ

@पायताण, वळीवड्याचं मला माहीत होतं पण 'ल्वुफची पोरं' हा दुवा डोक्यातच आला नव्हता. दंडवत.

@रोखठोक काका, राग कसला. ल्विव सुरक्षित नाही, हे शंभर टक्के. ज्या रस्त्यावर सप्टेंबरचा हल्ला झाला त्याच्या आसपास मी रोज फिरत होते, तिथल्या खिडक्यांना अजून काही ठिकाणी प्लायवूड आहे. मी खारकीव्हला गेले नाही, ओडेसालाही नाही. बाईंनीच सांगितलं होतं की तिकडे जायचं असेल तर कामाने जा, बघायला नको.

पर्यटनाचं मात्र मान्य नाही. ल्विवमध्ये अशा भाषावर्गांवर शिक्षक जगतात. २०२२ च्या आधी परदेशी विद्यार्थ्यांची रीघ असायची, ती आटली. माझी फी त्या बाईंच्या घरात गेली. आणि वीजकपातीचं म्हणाल तर आमच्या गटाचं वेळापत्रक मलाही पाठ झालं होतं, भात दुपारीच लावून ठेवायचे.

@गार्गीताई, घरी खरंच सांगितलं. बाबा दोन दिवस बोलले नाहीत, मग विम्याचे कागद मागवले आणि ओळ न् ओळ वाचले.

---

अनुस्वार

धागा भाषेचा आहे तर इतिहासाची थोडी भर.

ल्विवच का, याला कारण आहे. १८६३ मध्ये रशियन साम्राज्याचा गृहमंत्री वालुयेव याने परिपत्रक काढलं की 'छोटी रशियन' (म्हणजे युक्रेनियन) अशी वेगळी भाषा नव्हती, नाही आणि असू शकत नाही. त्यामुळे धार्मिक आणि शैक्षणिक पुस्तकं छापायला बंदी. १८७६ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर जर्मनीत एम्स इथे आराम करायला गेला असताना आणखी कडक फर्मान निघालं: छपाई बंद, बाहेरून पुस्तकं आणणं बंद, रंगभूमीवर प्रयोगही बंद. ल्विव मात्र तेव्हा ऑस्ट्रियाकडे होतं. मग रशियाच्या ताब्यातल्या किइव्हकडचे लेखक हस्तलिखितं ल्विवला पाठवायचे आणि तिथे छापून घ्यायचे. १८७३ मध्ये तिथे कवी शेव्हचेन्कोच्या नावाने संस्था निघाली, पुढे तिने जवळपास विज्ञान अकादमीचं काम केलं.

सोव्हिएत काळात आधी उलटं झालं. वीसच्या दशकात युक्रेनियनला उत्तेजन, खारकीव्हमध्ये लेखकांसाठी 'स्लोवो' नावाची खास इमारत. मग १९३३ पासून पिळायला सुरुवात. इमारतीतले लेखक एकेक करून उचलले, बरेच १९३७ मध्ये गोळी घालून मारले. त्याच १९३३ मध्ये वर्णमालेतून 'ग'चं एक अक्षरच काढून टाकलं, रशियनपेक्षा वेगळं दिसतं म्हणून. ते परत आलं १९९० मध्ये. अक्षर काढून टाकण्यासाठी सरकारी आदेश निघतो, ही गोष्ट आपल्या शुद्धलेखनावरून भांडणाऱ्या मंडळींनी ध्यानात ठेवावी.

संस्कृतप्रेमींसाठी: खारकीव्हमध्ये पावलो रिटर नावाचे प्राध्यापक होते, त्यांनी 'मेघदूत' युक्रेनियनमध्ये आणलं. १९३८ मध्ये अटक, पुढच्या वर्षी मृत्यू. आणि कवयित्री लेस्या उक्राइन्काने धाकट्या भावंडांना शिकवायला पूर्वेकडच्या देशांचा इतिहास लिहिला, त्यात ऋग्वेदातल्या काही सूक्तांचे अनुवाद घातले. तेव्हा ती विशीच्या आसपास होती.

---

मुंबईकर_मध्या

हे सगळं वाचून आपल्याकडचं हिंदीसक्तीचं आठवलं. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा शासननिर्णय आला आणि जूनच्या अखेरीस मागे घ्यावा लागला. आज त्यांच्यावर आलं, उद्या आपल्यावर. जागे व्हा.

---

रोखठोक

मध्या, इथे बॉम्ब पडतायत आणि तू दादरच्या पाट्यांवर आलास.

---

डॉक्टरीण

इथे फारशी लिहीत नाही, पण राहवलं नाही.

मी खारकीव्हला एमबीबीएस करत होते. शिक्षण इंग्रजीतून, पण वॉर्डात रुग्ण रशियन बोलायचे म्हणून रशियन शिकावंच लागायचं. 'कुठे दुखतं', 'श्वास घ्या', 'किती दिवसांपासून'. त्या वेळी कुणी मला युक्रेनियन शीक असं म्हटल्याचं आठवत नाही. त्यामुळे टीव्हीवर 'पूर्वेकडे रशियन बोलणारे, म्हणजे रशियाच्या बाजूचे' असे रंगवलेले नकाशे बघून चिडचिड होते. खारकीव्ह, मारियुपोल, ओडेसा, सगळी रशियन बोलणारी शहरं, आणि सर्वांत जास्त मार त्यांनीच खाल्लाय. ज्यांना 'वाचवायला' आलो असं रशिया म्हणत होता त्यांच्यावरच हल्ले. झेलेन्स्कीसुद्धा रशियन बोलणाऱ्या घरातलाच.

युद्ध सुरू झालं तेव्हा आम्ही हॉस्टेलच्या तळघरात होतो. १ मार्चला कर्नाटकातला आमचा एक विद्यार्थी गेला, तो खाण्याचं सामान आणायला बाहेर पडला होता. दुसऱ्या दिवशी दूतावासाचा निरोप आला की खारकीव्ह ताबडतोब सोडा, वाहन मिळत नसेल तर चालत जवळच्या पिसोचिनला जा. आम्ही चाललो. पुढचं ऑपरेशन गंगा (भारतीयांना परत आणायची सरकारी मोहीम) वगैरे सगळ्यांना माहीत आहे.

सांगायचं होतं ते वेगळंच. शेवटच्या वर्षी मी एका आजींकडे भाड्याने राहायचे. त्या खारकीव्हमध्येच आहेत, गेल्या नाहीत. आमचं अजून मेसेजवर चालू असतं. आधी त्या रशियनमध्ये लिहायच्या. २०२२ च्या उन्हाळ्यापासून युक्रेनियनमध्ये लिहितात, आणि ते चुकीचं असतं. मी युक्रेनियन जाणणाऱ्या मैत्रिणीला दाखवलं तर ती म्हणाली, शब्द युक्रेनियन, सांधे रशियन. पंचाहत्तरी उलटलेली बाई रोज फोनच्या कीबोर्डशी झटापट करते. मी रशियनमध्ये उत्तर देते, मला दुसरं येत नाही. त्या काही म्हणत नाहीत, पण उत्तर त्यांच्या त्या युक्रेनियनमध्येच येतं.

---

गार्गी_ठाणे

डॉक्टरीण, सविस्तर लिहा ना कधीतरी. वेगळा धागा काढा.

---

संपादक मंडळ

हिंदीसक्तीवरचे बाकीचे प्रतिसाद योग्य धाग्यावर हलवले आहेत. इथे विषयाला धरून लिहावे, वैयक्तिक टीका टाळावी.

---

मुंबईकर_मध्या

प्रतिसाद काढून टाकला आहे.

---

शब्दवेल्हाळ

@डॉक्टरीण, तुमचा प्रतिसाद बाईंना वाचून दाखवला (जमेल तसा भाषांतर करून). त्यांना 'सांधे रशियन' हे फार पटलं. अशा मिश्र बोलीला तिथे सुर्झिक म्हणतात. एकेकाळी हा हिणवायचा शब्द होता, गावंढळ या अर्थी. आता बाईंचं मत असं की भाषा बदलताना मधला पूल म्हणून ती चालते, त्यावर हसणाऱ्यांनी आपल्या आज्यांना फोन करावा. तुम्ही आजींना रशियनमध्येच लिहा असंही म्हणाल्या. आजी स्वतःच्या हट्टासाठी लिहितायत, तुमच्यावर लादत नाहीयेत.

@अनुस्वार, १९३३ बद्दल वाचलं होतं, पण रिटर यांचं माहीत नव्हतं. बाईंना माहीत होतं! 'स्लोवो' इमारत अजून उभी आहे, २०२२ च्या मार्चमध्ये गोळाबारीत तिलाही इजा झाली. आणि हे फक्त जुन्या काळाचं नाही. व्हिक्टोरिया आमेलिना, ल्विवचीच, रशियन बोलत वाढलेली कादंबरीकार, युद्ध सुरू झाल्यावर युद्धगुन्ह्यांच्या नोंदी करायला लागली. व्होलोदिमिर वाकुलेन्को या लेखकाला रशियन सैन्याने उचलून मारलं, त्याने घरामागे चेरीच्या झाडाखाली पुरून ठेवलेली डायरी त्याच्या वडिलांबरोबर तिने शोधून काढली. जून २०२३ मध्ये क्रामातोर्स्कच्या एका उपाहारगृहावर क्षेपणास्त्र पडलं तेव्हा ती तिथे जेवत होती, १ जुलैला गेली. मे २०२४ मध्ये खारकीव्हच्या एका मोठ्या छापखान्यावर हल्ला झाला, सात कामगार गेले, हजारो पुस्तकं जळाली. हे सगळं भाषेचं युद्ध नाही असं मला कोणी सांगू नये. फक्त भाषेचं आहे असंही कोणी सांगू नये.

---

आल्हाददायक

काही हलकं पण येऊ द्या. मराठी माणसाला उच्चार जड जातात का?

---

शब्दवेल्हाळ

इथे आपली चंगळ आहे! वर्गातल्या इंग्रज-जर्मन मंडळींना ज्याचा घाम फुटतो ते आपल्या तोंडात आधीपासून आहे. युक्रेनियनमध्ये 'चमचा'तला च आणि 'चहा'तला च ही दोन वेगळी अक्षरं आहेत. साखरेला 'चुकोर' म्हणतात, चमच्याच्या च ने. 'जग'मधला ज सुद्धा आहे, घंटेच्या शब्दाची सुरुवात त्यानेच होते. आपल्याकडे लिपीत फरक नाही पण कान तयार असतो. त्यांचा ह आपल्यासारखाच घोष, घशातून. रशियनमध्ये त्या जागी ग येतो, म्हणून आपण ज्याला गोगोल म्हणतो त्याला ते होहोल म्हणतात. संबोधन विभक्ती त्यांच्याकडे जिवंत आहे, रशियनने ती जवळपास टाकून दिली. 'मुलांनो' म्हणणाऱ्याला त्यात नवल वाटत नाही. मी बाईंना हाक मारली आणि शेवट बरोबर आला, तेव्हा डच मुलगा खवळला होता.

जड जातं ते क्रियापदांचं. एकच क्रिया पूर्ण झाली की चालू आहे यासाठी दोन वेगळी क्रियापदं पाठ करायची. तिथे मराठीची मदत संपते.

---

नवखा_पुणे

मी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियनच्या दोन पातळ्या केल्यात. ताई, त्यावर युक्रेनियन लवकर येईल का? आणि तिकडे रशियन बोललं तर चालेल का?

---

शब्दवेल्हाळ

लिपी आणि व्याकरणाचा सांगाडा मिळेल, शब्द तितके नाहीत. शब्दांत युक्रेनियन ही पोलिश आणि बेलारूशियनला जास्त जवळची. आणि जवळपणाच फसवतो. 'नेदिल्या' म्हणजे युक्रेनियनमध्ये रविवार, रशियनमध्ये तोच शब्द आठवडा. 'चास' म्हणजे इथे वेळ, तिथे तास. गाडीच्या वेळा ठरवताना याचा गोंधळ घालू नकोस. आणखी एक: रशियनमध्ये युक्रेन'वर' म्हणायची जुनी सवय आहे, प्रांत असल्यासारखी. युक्रेनियन लोक युक्रेन'मध्ये' म्हणतात, देशासाठी वापरतात तसं. या एका शब्दयोगी अव्ययावर समोरचा तुला तोलतो.

रशियन चालेल का, तर कळतं सगळ्यांना. २०२१ च्या जानेवारीपासून दुकानं, हॉटेलं यांत सुरुवात युक्रेनियनमध्ये करणं कायद्याने बंधनकारक आहे, गिऱ्हाईकाने मागितलं तर भाषा बदलता येते. ल्विवमध्ये तू आधी 'मी परदेशी आहे, युक्रेनियन शिकतोय' हे एक वाक्य युक्रेनियनमध्ये म्हण, मग अडलास तर इंग्रजीवर जा, रशियनवर नको. खारकीव्हहून, मारियुपोलहून आलेले लोक आपसात रशियन बोलताना ऐकशील. त्यांचा हक्क आहे. तुझा तसा नाही, एवढं लक्षात ठेव.

शिकणं मात्र पुण्यातूनच सुरू कर. लगेच तिकीट काढू नकोस.

---

रोखठोक

शेवटचं वाक्य पटलं. विमा कोणता काढला होतास? बहुतेक कंपन्या युद्धक्षेत्र वगळतात.

---

शब्दवेल्हाळ

हो, नेहमीचा प्रवासविमा तिथे कामाचा नाही, युद्धक्षेत्र धरणारा वेगळा मिळतो आणि महाग पडतो. त्यातही 'पुढच्या फळीपासून इतकं अंतर' अशी अट असते, ती बारीक अक्षरात असते. शिवाय पोलंडचा निवासपरवाना किंवा परत आत येता येईल असा व्हिसा हवा, नाहीतर जाल पण येणार नाही. तपशील व्यक्तिगत निरोपात कळवते, काका.